परिचर्येच्या पुस्तकातील रुग्ण

मी, रुपाली रामदास कोंढरे, वय ६७, राहणार शनिवार पेठ, पुणे, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांची चित्रे व मांडणी करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण प्रकाशकांचा विश्वास दाखल्यावर जास्त.

१. राहती जागा व बँकेतील शिल्लक माझी धाकटी बहीण कै. मुक्ताई हिचा मुलगा संतोष याला द्यावी.

२. चित्रांचे टेबल, ब्रश व संगणक माझी सहकारी शेफाली हिला. तिने पानावर मोकळी जागा सोडावी. प्रकाशक ती भरायला सांगतील. ऐकू आले नाही असे दाखवावे. मला जमले.

३. नर्सिंगच्या पुस्तकातील चित्रे व त्यांचे सर्व हक्कही संतोषला. कारण सांगते. या चित्रांसाठी मुक्ताई रुग्ण होऊन माझ्यासमोर खाटेवर पडून राहायची. मध्येच हसायची, मी दटावायची. पुढे ती खरीच अंथरुणाला खिळली. येरवड्याकडच्या रुग्णालयात तिची कूस बदलताना एक शिकाऊ नर्स थबकली. "अहो, तुम्ही आमच्या पुस्तकातल्या ना?" मुक्ताईची वाचा गेली होती. तिने मान हलवली. त्याच आजारात पुढे ती गेली.

पुस्तक चालूच राहिले. बसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, कुणाही मुलीच्या मांडीवरच्या उघड्या पुस्तकात ती पडलेली दिसे, डोळे माझ्याकडे. दुसरी बाई काढायला बसले तरी चेहरा तिचाच उतरे. संतोष एकदाच बोलला, "मावशी, त्या पुस्तकात आई अजून आजारीच आहे." मग बरेच दिवस तो आला नाही.

४. म्हणून नव्या आवृत्तीची चित्रे मी पुन्हा काढली. त्यांत मुक्ताई नर्सच्या गणवेशात उभी आहे, बाह्या दुमडून. खाटेवर मी आहे. 'रुग्ण फार वयस्कर वाटते' असा संपादकांचा शेरा आहे. त्यावरून दुरुस्ती करू नये. जुनी चित्रे पुन्हा छापू नयेत. संतोषला पाने दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाला, "छापू दे."

५. मी एकटी राहते. अलीकडे पडल्या पडल्या पाठीशी हात जाणवतात, पुस्तकात दाखवल्याप्रमाणे, एक खांद्याला, एक कमरेला. कूस अलगद बदलते. मी डोळे उघडत नाही. मी गेल्यावर घाईने उचलू नये. मुक्ताईचे काम आधी होऊ द्यावे.

अंमलबजावणी ॲड. अभिनव मारणे यांनी करावी.

सही: रुपाली रा. कोंढरे

आमच्या समक्ष सही केली:
१. संपत दांगट
२. साई पायगुडे

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५