पालथा तांब्या

माय, मी तुझ्यावर चिडलेय. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, आता कसलं चिडणं, असं तू म्हणशील. पण दोन दिवस झाले, माझं ध्यान कशातच लागत नाही. रजा टाकून घरी बसलेय, दुपारचे तीन वाजलेत, टेबलावर एक नकाशा पसरलाय आणि त्याच्यापुढून मी चौथ्यांदा उठून खिडकीशी जाऊन आले. मी आता पुण्यात राहते, गावांचे आणि शहरांचे आराखडे काढायचं काम करते. तू गेलीस तेव्हा माझं शिक्षणच चालू होतं, त्यामुळं तुला यातलं काही माहीत नाही. हा नकाशा आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाच्या बाजारचौकाचा आहे. उद्या जालन्यात तो मोठ्या साहेबांपुढं मंजूर व्हायचाय, आणि खाली सही माझी आहे.

आमच्या ऑफिसात दरवर्षी एक यादी फिरते. जगातली राहायला चांगली शहरं कोणती, कोणाचा पहिला नंबर, कोणाचा दहावा. ती आली की सगळे चहा घेऊन तिच्यावर तुटून पडतात. कोणी म्हणतं झाडं हवीत, कोणी म्हणतं बस वेळेवर हवी, कोणी म्हणतं हवा. मी त्यातली चार शहरं कामानिमित्त बघून आले. व्हिएन्ना बघितलं, टोकियो बघितलं. म्हाताऱ्या बाया एकट्या ट्राममधून फिरतात, पोरं चालत शाळेत जातात, नळाचं पाणी तसंच पितात. हे सगळं चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू. पण यादीवर बोलणं निघालं की मला तूच आठवतेस, आणि मी गप बसते. मी, जिला तू "तोंडाळ" म्हणायचीस!

तुझी ती रीत होती ना. बाजाराला, दवाखान्याला, कुठंही शहरात जायचं असलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद. पितळी तांब्या घासायचा आणि पालथा घालून ठेवायचा, म्हणजे चुकून हात जायला नको. तुझ्या आईनं तुला शिकवलं, तू मला. वडीगोद्रीतल्या आपल्या गल्लीत कोणत्याही घरी पालथा तांब्या दिसला की समजायचं, या घरची बाई उद्या गावाला निघाली. त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटायचं नाही. कपाशीचं बियाणं तयार करायच्या सीडप्लॉटवर तुम्ही बाया दिवसभर कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर नराचं फूल घासायच्या, पण तिथं बाजूला तुरीचं रान असायचं. रानात आडोसा होता. तू एकदा म्हणालीस, "शेहेरात एवढी घरं, एवढ्या भिंती, पन बाईला आडोसा न्हाई." मी तेव्हा हसले होते.

आता तो दिवस. मी दहावी झालेय, गुरुजींनी फॉर्म भरून दिलाय, आणि आपण दोघी नवीन जालन्यात मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसलोय. पालक समोर हवा, सही नाहीतर अंगठा समोरच हवा, असा नियम. आपला नंबर सदतीसावा. सकाळी नऊला आलोत, बारा वाजून गेले तरी पंधरावाच चालू. माझं लक्ष सगळं रस्त्यावर. बँकेच्या पायऱ्या, बियाणे कंपन्यांच्या पाट्या, मोटारसायकली. मला वाटून राह्यलं होतं की इथं नुसतं उभं राहिलं तरी माणूस हुशार होतं. तू मात्र एकसारखी बसायची जागा बदलतेस. पदर दातात धरतेस, सोडतेस. मी म्हटलं, "काय गं माय, मुंग्या चावतेत का?" तू म्हणालीस, "बस तू इथंच. म्या आलेच जल्दी." आणि गेलीस.

एक वाजला. दोन वाजले. मधले कितीतरी जण आलेच नाहीत, आणि आपला नंबर पुकारला. मी उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पालक? मी म्हटलं, येतेय. दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुढचा नंबर घेतला. तू आलीस तेव्हा खिडकी बंद झाली होती. तुझे हात पांढुरके झाले होते, धुळीनं. विचारलं तर म्हणालीस, "हाव बाई, चुकलंच माझं." बस. परतीच्या गाडीत सगळ्यांदेखत मी तुला काय काय बोलले! "तुला माझं चांगलं व्हायलाच नकोय. ठेव मला जन्मभर फुलं घासायला." तू खिडकीबाहेर बघत होतीस. अंबड आलं. मग पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवलीस, आणि मी ती परत तुझ्या पिशवीत टाकली.

ते वर्ष माझं गेलं. तुझ्याबरोबर सीडप्लॉटवर आले, आणि रोज तुझ्यावर धुसफुसत कळ्या सोलल्या. पुढच्या वर्षी पालक म्हणून बापू आले बरोबर, आणि अर्ध्या तासात काम झालं. बापूंना काय, भिंत दिसली की झालं!

तुझ्या दहाव्याला मावशीनं मला बाजूला घेतलं. "लई बोललीस तू तिला त्या वक्ताला," म्हणाली. "ती मला सांगून गेल्ती, पोरीला सांगू नको म्हनून. अगं, तिला निकडीची लागल्ती. चार गल्ल्या हिंडली बिचारी. मंग एका घरी दारात उभी राह्यली आन् बाईला म्हनली, माय, तेवढी जागा द्या. त्या बाईनं दिली, काही बोलली न्हाई. पन आपली बहीन ती! म्हने, फुकट कसं घ्यावं. अंगनात ज्वारीचं सूप होतं पडेल, बसली निवडत. पायलीभर ज्वारी निवडून दिली, मंगच उठली."

माय! पायलीभर ज्वारी! तिकडं माझा नंबर पुकारून राह्यले आणि तू परक्या अंगणात खडे वेचतेयस, का तर एका संडासाचा उपकार अंगावर राहू नये म्हणून. मी तेव्हा आधी हसले आणि मग असं रडले की मावशी घाबरली. तू शेवटची दवाखान्यात होतीस तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "बाई पाणी पीत नव्हत्या का?" मूतखडे आणि सततची जळजळ, तुझं दुखणं तेच होतं. मी सांगितलं होतं, पितात की. पालथ्या तांब्याचं मला तेव्हा सुचलंच नाही. तू सांगितलं असतंस तर! म्हणून चिडलेय मी. गाडीत एकदा तोंड उघडलं असतंस, तर मी ती पुडी परत टाकली नसती.

व्हिएन्नाच्या एका मोठ्या स्टेशनात मी बायकांच्या संडासात गेले. स्वच्छ, कडी बराबर लागणारी, बाहेर पाट्याच पाट्या. कोणाला विचारायला नको, कोणाच्या दारात उभं राहायला नको, बदल्यात काही निवडून द्यायला नको. मी कडी लावली आणि आत बसून हुंदके देत राहिले. बाहेर सोबतचे साहेब लोक ताटकळत उभे. आल्यावर म्हटलं, पोटात दुखत होतं.

आणि आता ऐक, मी काय केलं ते. या बाजारचौकाच्या पहिल्या नकाशात मी तोंडावरच, भाजीवाल्या बायांच्या ओट्याला लागून, बायकांची मुतारी काढली होती. बैठकीत एक दुकानदार म्हणाले, "मॅडम, चौकाच्या तोंडावर हे? पाव्हणे आले तर काय दाखवायचं?" सगळे हसले. मीही हसले, माय. आणि कोणी काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "तिथं कारंजं करू, परदेशात असतं तसं." टाळ्या पडल्या. घरी येऊन मी मुतारी खोडून तिथं कारंजं काढलं आणि सही ठोकली. तू लाजेपायी बोलली नाहीस म्हणून मी वीस वर्षं तुझ्यावर रागावले, आणि मी एवढी शिकले-सवरलेली, लाजेपायी हसले.

आत्ता ते कारंजं खोडलंय. मुतारी परत काढली, आधी होती तिथंच, पेननं. उद्या हे सगळ्यांपुढं बोलावं लागणार, म्हणून स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्यांदा "महिलांसाठी सुविधा" असंच तोंडातून आलं. तिसऱ्या वेळी बराबर म्हटलं: बायकांची मुतारी. शेजारणीनं ऐकलं असेल तर ऐको. साहेब नाही म्हणतील, दुकानदार परत हसतील, मला ठाऊक आहे. तरी मी बोलणार. मला भीती वाटतेय, पण बोलणार.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? नकाशाच्या सुरळीत घालून घेऊन जाते, एवढंच. एक सांगायचं राहिलं. घसा कोरडा पडला म्हणून आता पाणी घ्यायला गेले, तर ओट्यावर तुझा तांब्या पालथा. घरात मी एकटीच असते, तेव्हा घातला मीच, सकाळी, घासून. माय, उद्या जालन्याला जायचंय ना, म्हणून मी आज दिवसभर पाण्याचा घोट घेतलेला नाही.