गारठ्यात लावलेली खिडकी

आई, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नाही, ते या थंडीने वाटायला लावलं. आपल्याकडची थंडी तुला ठाऊकच आहे, पहाटे एक चादर अंगावर आणि नऊ वाजता पुन्हा पंखा. यंदा मात्र डिसेंबरात दोन दिवस पाऊस पडला आणि त्याच्या मागून असा गारठा आला की डोंबिवलीत स्वेटर मिळेनात. रिक्षावाले नाक्यावर पुठ्ठ्याचे खोके जाळून हात शेकत उभे राहायचे. भर दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. आणि नेमकी तेव्हा माझ्या घरात बाळंतीण होती. तुझी नात, जी दोन वर्षांची असताना तू शेवटची पाहिलीस, ती माहेरी आली होती बाळंतपणाला. वीस दिवसांची मुलगी. एवढीशी, की दोन तळव्यांत मावायची.

मला रात्रंदिवस एकच भीती, पोरीला गारठा बाधणार. मोबाइलवर सारखे मेसेज यायचे, बदलापूरला किती पारा उतरला, कल्याणला किती. विहीणबाई निफाडच्या. त्या फोनवर सांगायच्या, "आमच्याकडे तर बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, नाहीतर द्राक्षाचे मणी तडकतात. तुम्हा लोकांना थंडीची सवय नाही हो. बाळाजवळ शेगडी असू द्या." त्यांच्या घराला कौलं आहेत, फटीफटीतून वारा खेळतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. माझ्या खोलीला गेल्या दिवाळीत नव्या सरकत्या खिडक्या बसवल्यात. लावल्या की बाहेरचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही.

दिव्याहून लोकलने एक मावशी यायच्या, मालीशवाल्या. माझ्याच वयाच्या. बाळाची आंघोळ, मग धुरी, मग बाळंतिणीला शेक. शेक झाला की निखाऱ्यांची शेगडी उचलून गॅलरीत नेऊन ठेवायच्या, रोज, न विसरता. त्या सकाळी मी म्हणाले, "मावशी, राहू द्या आज आतच. आणि खिडकी लावा."

"काकू, थोडी फट ठेवूया ना," त्या म्हणाल्या.

"नको. बघताय ना काय वारा सुटलाय. लावा."

त्यांनी लावली. त्या पुढच्या घरी गेल्या, मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत जुनी चादर कोंबली. आई, मी. तुझी मुलगी.

कारण मला माहीत होतं ना. मी आठ वर्षांची होते, धाकटा भाऊ झाला होता, आपलं खाडीकाठचं घर. त्याही वर्षी भलत्या वेळी पाऊस झाला होता, बाबांच्या मिठागरात धरू लागलेलं मीठ पाण्यात गेलं होतं आणि ते दिवस दिवस बांधावर नुसते बसून असायचे. मग गारठा. तू बाजेवर, बाजेखाली शेगडी, आणि मी शहाणपणा करून दार लावते, वरचा झरोका पोत्याने बुजवते आणि अंगणात खेळायला जाते. तू कशी उठलीस देव जाणे. दार धाडकन उघडलं आणि तू भावाला छातीशी धरून उंबऱ्यावर कोसळल्यासारखी बसलीस. चेहरा पांढराफटक. मी जवळ आले तशी तू मला एक ठेवून दिलीस. तू मला मारलंस ते तेवढंच एकदा. "दार कनाला लावलास गो?" तू ओरडलीस. "कोलसा गुपचूप मारतो, आवाज करत नाय." मग त्याच हाताने मला कुशीत ओढलंस. तुझं अंग थडथड उडत होतं, ते थंडीने नव्हे, एवढं मला त्या वयातही कळलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "वाऱ्यानी लागला दार." आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

हे सगळं मला आठवत होतं, असं नाही की विसरले होते. पण भीती एका वेळी एकाच गोष्टीची वाटते की काय कोण जाणे. गारठ्याच्या भीतीने दुसरी भीती पार झाकून टाकली होती.

मी स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होते. बाळाची दूध प्यायची वेळ होऊन गेली तरी रडणं नाही. मला बरंच वाटलं बघ, म्हटलं, ऊब मिळाली, छान झोपल्या दोघी. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी दार ढकललं तर चादरीने अडलं. पुन्हा ढकललं. आत धूर नाही, वास नाही, काही नाही. नुसती कोंडलेली उबदार हवा, आणि लेक पलंगाशेजारी फरशीवर गुडघे टेकून, स्टूल उलटलेलं. "आई, डोकं फुटतंय गं," म्हणाली आणि तिथेच ओकली. मी खिडकी उघडली, तिला ओढत दारापर्यंत आणलं आणि बाळ उचललं. मान लटकली. गाल लालबुंद. मी गॅलरीत पळाले, ज्या वाऱ्याला इतके दिवस घाबरत होते त्याच वाऱ्यात तिला उघडी धरली, तळवे चोळले, टिचक्या मारल्या, हाका मारल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज निघाला. शेजारच्या वहिनींनी लेकीला धरून खाली आणलं, रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिडल्या होत्या. "बंद खोलीत कोळसा? कोणी ठेवला?" लेक मास्कच्या आडून म्हणाली, "मालीशवाल्या मावशी आल्या होत्या सकाळी." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जावई नुकताच धावत आला होता, त्यानेही पाहिलं. मी पदराने तोंड पुसलं. बस, तेवढंच केलं. एक शब्द खोटा बोलले नाही, आई. बोललेच नाही.

जावयाने तिथूनच मावशींना फोन केला. तो तसा शांत मुलगा आहे, पण त्या दिवशी त्याचा आवाज सगळ्या कॉरिडॉरमध्ये ऐकू जात होता. लेकीच्या मोबाइलवरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही त्याने टाकलं. आमच्या आवारात मावशींची अजून दोन घरं होती, ती आठवड्यात सुटली. तिसऱ्या दिवशी मायलेकींना घरी सोडलं, पण ते घर माझं नव्हतं. जावई त्यांना घोडबंदरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठीक दिसतंय, तरी काही महिने लक्ष ठेवायचं. नजर धरते का, आवाजाकडे वळते का. तेव्हापासून मी दर सोमवारी जाते आणि कोणाच्या लक्षात येणार नाही असा खुळखुळा वाजवून बघते. वळली की श्वास सुटतो. एखाद्या वेळी वळली नाही की मी पुन्हा पुन्हा वाजवत राहते, आणि सगळे म्हणतात, अहो, खेळतेय ती तिच्या नादात.

गेल्या महिन्यात दिव्याला जाऊन मावशींना भेटले. एक खोली, दारात पाण्याचे ड्रम ओळीने. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, स्वतः खाली बसल्या. मी सगळं बोलले, हात जोडले. त्यांनी ड्रमचं सरकलेलं झाकण नीट बसवलं. "मी पण जोरात बोलायला पाहिजे होतं काकू. पण घर तुमचं, नात तुमची." मग विचारलं, "पोरगी हसते का आता?" हसते, म्हटलं. तेव्हा त्यांचे डोळे भरले आणि लगेच आवाज कडक झाला. "मला इथे येऊन सांगून काय होणार? मला माहितीच होतं. तिकडे सांगा ना."

तिकडे. तू एका पोरीला वाचवायला वाऱ्यावर आळ घातलास. मी स्वतःला वाचवायला एका बाईला वाऱ्यावर सोडलं. हे मला दिव्याहून परत येताना कळलं आणि त्या क्षणी ठरवलं, सोमवारी सांगायचं. लेक रागावेल, जावई कदाचित बोलणार नाही, बोलू दे नाहीतर नको. पण मला भीती त्याची नाहीच. मला भीती वाटते ती एवढीच, की मग त्या पोरीला माझ्याजवळ एकटी ठेवणार नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला अक्षरओळखच नव्हती, म्हणून तर तुला लिहायला धीर होतो. आज रविवार आहे. उद्या सांगते, असं लिहून हे संपवणार होते. पण खरं सांगू? मागचे दोन्ही सोमवार मी असंच ठरवून गेले होते. मागच्या वेळी तर तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, हिला धर गं जरा, तू आहेस तोवर मी निवांत न्हाऊन येते," आणि पोर माझ्या मांडीवर ठेवून गेली. मी घट्ट धरली आणि गप्प बसले.