आकडा दोन

५ जानेवारी
पोचले एकदाची! साडेचार तास स्कीवर चढून पायांचं लाकूड झालंय, पण खिडकीतून ग्रीसकोगलचं अख्खं शिखर दिसतंय आणि चुलीवर पावाच्या गोळ्यांचं सूप रटरटतंय. इन्सब्रुकच्या कचेरीत चार वर्षं नकाशांत रंग भरले. आता खरा डोंगर. काम सोपं आहे: रोज बर्फ तपासायचा, हिमस्खलनाच्या धोक्याचा आकडा ठरवायचा, एक ते पाच, पाच म्हणजे सगळ्यात वाईट, आणि तो बिनतारी संचावरून खाली दरीत कळवायचा. चढाईला येणाऱ्यांनाही सांगायचा.

झोपडी कास्सियानची. वय अडुसष्ट, एकतीस हिवाळे इथंच काढलेले. मी त्यांना ‘तुम्ही’ म्हटलं तर भडकले. म्हणाले, “हजार मीटरच्या वर अहो-जाहो चालत नाही, पोरी. इथं मरणसुद्धा ‘अगं आफ्रा’ म्हणून हाक मारतं.” मग स्वतःच खो खो हसले. तर आता तू.

९ जानेवारी
रोज सकाळी उतारावर छातीएवढा खड्डा खणायचा. मग भिंतीतले थर बोटांनी दाबून बघायचे. घट्ट, घट्ट, मऊ. कुठं साखरेसारखा भुरभुरीत थर लागला की आकडा चढतो, कारण वरचं सगळं त्याच्यावरून घसरतं. मी नुसता वरचा बर्फ न्याहाळत होते तर कास्सियान ओरडला, “नवरा बघायला आलीयेस का? हात घाल आत!” आज आकडा दोन.

दिवसभर बोटं बधिर. तरी मजेत आहे.

१३ जानेवारी
कास्सियान दाढ काढायला खाली गेलाय. गाल भोपळ्याएवढा झाला होता. उद्या येईल.

सकाळी उणे एकोणीस, वर बोचरा वारा. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि परत फिरले. एक दिवस नाही खणला खड्डा तर काय होतंय? कालचाच आकडा कळवला. दोन.

दुपारी दोघं आली, वेन्डेलिन आणि रोमाना. ईस्टरला लग्न आहे त्यांचं. ग्रीसकोगलची उत्तरेची घळ चढायची म्हणतात. रोमाना फार बोलकी. माझे मोजे फाटलेले बघून तिनं स्वतःची जोडी देऊन टाकली. मग विचारलं, “कसं आहे वर? जाऊ ना?”

मी म्हटलं, “दोन आहे. जा बिनधास्त.”

उद्या उजाडताच निघतील.

१४ जानेवारी
दहा वाजून वीस मिनिटांनी घळीच्या वरचा अख्खा उतार सुटला. आधी आवाज नाही, फक्त खिडकीची काच थरथरली. मग गडगडाट. मग पांढरं.

कास्सियान दुपारी दोनला पोचला. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या दोघांना शोधत बर्फात काठ्या खुपसत फिरलो. दोघांच्याही अंगावर गाडलेल्याची जागा कळवणारे बीपर होते, पण आमच्या शोधयंत्रावर काही नाही. एक स्की सापडली, मोडलेली. दरीतून निरोप आला, वादळ येतंय, पथक निघू शकत नाही.

परतताना कास्सियाननं माझ्या नेहमीच्या जागी खड्डा खणला. हातभर खाली साखर. मूठभर काढून त्यानं माझ्यासमोर धरली. ती त्याच्या बोटांतून गळत राहिली.

१६ जानेवारी
दोन दिवस वादळ. आज सकाळी बर्फाचा दुसरा लोंढा आला, थेट आमच्यावर. झोपडी धुराड्यापर्यंत गाडली गेलीय. आम्ही जिवंत. बिनतारी संच मेला. खिडक्यांत निळसर अंधार.

दुपारी टेबलावर ठेवलेलं शोधयंत्र वाजलं. अंतर चाळीस मीटर.

कास्सियान म्हणाला की बर्फ सरकतो, त्याबरोबर प्रेतंही सरकतात. असं तो म्हणाला.

१७ जानेवारी
सकाळी सव्वीस मीटर. दुपारी अठरा.

डोंगराकडच्या भिंतीवर टकटक. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. आम्ही त्या बाजूचं मागचं दार उघडून बर्फात बोगदा खणायला लागलो. हाताची सालटी निघाली. तिकडूनही कुणीतरी आपल्याकडे खणत येतंय असं वाटतं.

तीन दिवस बर्फाखाली कुणी जगत नाही. मी कास्सियानला विचारलं, जगतं का कुणी? तो फावडं मारत राहिला.

१८ जानेवारी
बोगद्यातून रोमानाचा आवाज. स्वच्छ, आनंदी.

“कसं आहे वर? जाऊ ना?”

कास्सियाननंही ऐकलं. माझ्या तोंडावर हात दाबला. उत्तर देऊ नकोस म्हणाला. मला रडू फुटलं, मी सगळं सांगून टाकलं, खड्ड्याचं, आकड्याचं. तो म्हणाला, ते त्याला चौदा तारखेलाच कळलं होतं.

आवाज थांबेना. तासभर तेच. शेवटी कास्सियाननं स्वतःचा बीपर चढवला, कमरेला दोर बांधला. मी पाय धरले त्याचे. म्हणाला, “आणि खरंच जिवंत असेल तर? सोड पोरी.”

रांगत बोगद्यात गेला. दोर सरकत होता. मग ताणला गेला. मग सैल.

मी ओढला. हलका आला. टोक तुटलेलं नव्हतं. गाठ सोडलेली होती, नीट, सावकाश —

१९ जानेवारी
यंत्रावर आता तिघं.

नऊ मीटर.

दार बंद केलं, समोर कपाट लोटलं. चूल विझली, लाकडं दाराबाहेर राहिली. मोजे ओले झालेत, तिनं दिलेले, काढवत नाहीत.

दुपारी कास्सियान बोलला. भिंतीतून. अगदी जवळून. “पोरी, आकडा सांग.”

मी कानात मेणबत्तीचं मेण घातलं. तरी —

२० जानेवारी
चार मीटर.

देवा, मी थंडीला भ्यायले होते फक्त. एवढंच.

दोन मीटर.

२१ जानेवारी
कुत्रा! वर कुत्रा भुंकतोय!

धुराड्यातून उजेड येतोय. माणसं आहेत, खरी, स्कीचा करकर आवाज. पथक आलं. पलीकडच्या खिंडीतून बोलतायत, झोपडीपर्यंतचा मधला उतार ओलांडायचाय त्यांना. सात-आठ जण असतील. तो उतार भरलेला आहे, दोन दिवसांच्या वादळाचा बर्फ, खाली साखर —

हाका मारतायत. “आफ्रा! उतार कसा आहे? येऊ का?”

मी धुराड्याला तोंड लावून ओरडले. येऊ नका! पाच! पाच आहे! मागे फिरा! घसा फाटला. ऐकू गेलं असेल. कुत्रा गप्प झाला. सगळे थांबले.

मग भिंतीतून उत्तर गेलं. मोठ्यानं, खणखणीत. माझ्याच आवाजात.

“दोन आहे. जा बिनधास्त.”

कुणीतरी वर हसलं. हायसं वाटून.

मी ओरडतेय, लिहितेय, ओरडतेय, आवाज फुटत नाही — स्की चालू झाल्या — एकामागून एक उतारावर — थांबा — काच थरथर