रूथसाठी मागितलेली प्रार्थना

अमरावती, रविवार संध्याकाळ

आज उपासनेत पास्टर म्हणाले, "आपली एक बहीण घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडते. तिच्यासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही. शेजारी माझी बायको, रूथ, मान खाली घालून. न्हाणीघरातला नळ बराच वेळ वाहतो, हे मलाही ठाऊक आहे. रडण्याचं ठाऊक नव्हतं.

हे तिनं अकोल्याच्या समुपदेशक बाईंनाच सांगितलं असणार. त्या पास्टरांच्या मेहुणी. म्हणजे बंद दाराआडचं बोलणं थेट चर्चमध्ये? तिथं उपचार होतात की बातम्या गोळा होतात? नळापर्यंतचा तपशील!

घरी येताच म्हणालो, "आता अकोल्याले जायचं नाही. त्या बाईनं सारं फोडलं."

रूथ म्हणाली, "बाईवर काहून घेता? मीच सांगतलं पास्टरले. प्रार्थना करा म्हटलं."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी बातमीवाले. रडणाऱ्याले बी पयले कोण, कधी, कुठं हेच विचारता."

तरी शंका जात नाही. बाईंनीच तिला हे सुचवलं असेल का? शेवटी विचारलंच, "पास्टरले कधी सांगतलं?"

रूथ माझ्याकडे बघून नुसती हसली.