उजवीकडचं स्टीअरिंग

झोरिग्तो,

तू उठशील तेव्हा आम्ही उलान-उडेच्या रस्त्याला लागलेल्या असू. आईंच्या डोळ्यांची तपासणी अकराला आहे. तू नेणार होतास, पण तीनदा हाक मारली तरी नुसती कूस बदललीस.

गाडी घेताना मी एकच म्हटलं होतं, स्टीअरिंग डावीकडे हवं. तू व्लादिवोस्तोकच्या डीलरने टाकलेले गाडीचे चाळीस फोटो ऑनलाइन बघितलेस, सीटवरचा डागसुद्धा मोठा करून दाखवलास, आणि मागवलीस जपानी, उजव्या स्टीअरिंगचीच. वर म्हणे, "मी बसेन ना शेजारी!" इथे रशियात आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने जाणार. पुढे लाकडांचा ट्रक असला की समोरून काय येतंय ते मला दिसतच नाही, शेजारी बसलेल्यालाच दिसतं.

काल मी विचारलं, "मोकळं आहे?" तू मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणालास, "जा." समोरून बस येत होती. आणि ओरडलास मात्र माझ्यावर, की मला गाडी चालवता येत नाही!

गाडी परत घेता का, असं डीलरला विचारलंय. तो साडेतीन हजार किलोमीटरवर बसलाय, तरी त्याचं उत्तर तुझ्याआधी येईल.

काल केलेले खिम्याचे बूझ फ्रीजमध्ये आहेत, वाफवून खा.

शेजारी आई बसतायत. मी म्हटलं, अहो, तुम्हाला मोतीबिंदू आहे. तर म्हणाल्या, "धूसर दिसलं तर धूसर सांगीन. पण न बघता 'जा' नाही म्हणणार."

दरिमा