निरोप कुणाला दिला होता?

३ नोव्हेंबर, धार

रणवीरराव खोटं बोलतायत. नाहीतर मला वेड लागलंय!

सकाळी देवासहून त्यांचा फोन. "चार डिसेंबरचं बुकिंग कॅन्सल करा. गार्डन मी दुसऱ्या पार्टीला दिलंय."

मी म्हटलं, चारला राजगढ़च्या भवानीबाईंच्या नातीचं लग्न आहे. बयाणा घेतलाय, पावती मीच फाडलीय.

"कुणाला विचारून? दसऱ्यापासून मला विचारल्याशिवाय बुकिंग घ्यायचं नाही, असा निरोप दिला होता तुम्हाला!"

निरोप? कसला निरोप?

मालक देवासला, मॅरेज गार्डन धारला. सुरू झाल्यापासून मीच सांभाळतेय. उद्घाटनाला रणवीरराव सगळ्या गावासमोर माइकवर बोलले होते— "इथे अवंतीमॅडमचा शब्द तो माझा शब्द." आज काय? "तुमचं तुम्ही निस्तरा."

४ नोव्हेंबर

पुन्हा फोन केला. निरोप कुणाकडे दिलात? "दिला होता, एवढं पुरे." कट.

नाव सांगत नाहीत, म्हणजे निरोप दिलेलाच नाही. किंवा दिलाय— आणि मधल्यानेच गिळला. जगदेवराव! गार्डन व्हायच्या आधी या जागेची मॅनेजरी त्यांच्याकडे होती. आता नुसत्या किल्ल्या आणि माळ्यावर देखरेख. देवासला साहेबांकडे येणं-जाणं अजून त्यांचंच. आज ऑफिसच्या दारात थांबून विचारतात, "काही झालं का, मॅडम?" एवढी गोडी आजच कुठून आली?

५ नोव्हेंबर

पियूषला फोनवर सगळं सांगितलं. तो देवासला फॅक्टरीत, मी इथे आईकडे, रविवारी भेट— लग्न झाल्यापासून हा संसार असाच चाललाय. म्हणाला, "छोड ना यार. अशा माणसाची नोकरी कशाला करतेस? इकडे ये." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर. पण आज आवाज मऊ होता. बरं वाटलं.

८ नोव्हेंबर

राजगढ़ला जाऊन आले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती.

पत्रिका वाटून झाल्यात. भवानीबाई पाटावर बसून सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही तुझ्या रणवीररावांस ओळखत नाही, मुली. तुला पाहिलं, तुझ्याशी बोललो, तू होय म्हणालीस. आता नाही म्हणू नकोस."

नात कृतिका भिंतीला टेकून उभी. एवढंच बोलली— "दीदी, आप भी मिली हुई हो क्या?"

मी सगळ्यांवर संशय घेत फिरतेय आणि ही पोरगी माझ्यावर! तिचं तरी काय चुकलं? धारमधले सगळे लॉन विचारून झाले. चारला एकही खाली नाही.

१० नोव्हेंबर

अल्पनाकडे गेले. शाळेतली मैत्रीण, आता कोर्टात वकिली करते. तिने आधी सगळं ऐकून घेतलं.

"पावती कुणाच्या नावाची? गार्डनची. तुला लोकांपुढे उभं कुणी केलं? मालकाने. मागाहून त्याने तुझे हात बांधले असतील, पण ते भवानीबाईंना कुठे माहीत होतं? त्यांच्यापुरता तो तुझ्या शब्दाला बांधलेला आहे. लग्न तिथेच होईल, नाहीतर त्याला भरपाई द्यावी लागेल."

मी उठलेच आनंदाने! तिने हात धरून बसवलं.

"तू मात्र सुटलेली नाहीस. निरोप मिळूनही तू बुकिंग घेतलं असशील, तर ती भरपाई तो तुझ्याकडून वसूल करू शकतो. म्हणून खरं सांग. मिळाला होता?"

"तूसुद्धा?"

"मी वकील आहे गं."

घरी आल्यावर एकटी बसून आठवत राहिले. कुणी काही म्हटलं होतं का? मी कामाच्या गडबडीत हो-हो केलं का? आता माझा माझ्यावरही भरवसा नाही!

१२ नोव्हेंबर

जगदेवरावांना विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच मी. माळी, लाइटवाले सगळे बघत होते. "साहेबांचा निरोप तुम्ही दाबलात! मला काढायचं होतं ना?"

त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मॅनेजरी तुम्ही नाही काढलीत, साहेबांनी काढली. तुमच्यावर राग असता तर तोंडावर सांगितला असता, बाई."

गेले. नाटक म्हणावं तर किल्ल्या इथेच पडल्यात.

१७ नोव्हेंबर

भवानीबाईंच्या वकिलाची नोटीस. रणवीररावांना, आणि मलाही! अल्पना म्हणते, दोघांची नावं घालतातच. घाबरू नको. घाबरलेय.

२१ नोव्हेंबर

रणवीरराव नमले!! दुसरी पार्टी म्हणजे कुठल्याशा कंपनीचा डीलर-मेळावा. तो पुढे ढकलला. लग्न गार्डनवरच.

मला म्हणाले, "हे लग्न होऊ द्या. तुमचं नंतर बघू."

संध्याकाळी जगदेवरावांच्या घरी गेले, किल्ल्या घेऊन. माफी मागितली. त्यांनी किल्ल्या घेतल्या. "मंडपवाल्याला फोन केलात का?" एवढंच.

तरी मन स्वच्छ नाही. त्यांनी नाही, तर मग कुणी?

४ डिसेंबर

लग्न छान झालं. भवानीबाईंनी मला जवळ बसवून जेवू घातलं. कृतिकाने जाताना मिठी मारली.

रणवीरराव फाटकापाशी उभे होते. मी म्हटलं, आज तरी नाव सांगा. मला नोकरीवरून काढा, पण नाव सांगा.

मांडवाकडे बघत ते म्हणाले, "तुमच्या घरात भांडण नको म्हणून बोललो नाही. नवरात्रात देवासच्या टेकरीवर देवीच्या दर्शनाला पियूष भेटले होते. त्यांना म्हटलं, मॅडमना सांगा. म्हणाले, आजच सांगतो."

मी पाहुण्यांना "जेवून जा, जेवून जा" म्हणत राहिले.

७ डिसेंबर

देवासला जाऊन पियूषला विचारलं. नाही म्हणाला नाही. "वाटलं, कधीतरी साहेबांशी खटका उडेल, नोकरी सुटेल, तू घरी येशील." मी राजगढ़ला गेले, जगदेवरावांवर ओरडले, ते सगळं त्याला रोज सांगत होते. रोज ऐकत होता.

अल्पनाला फोन केला. म्हणाली, "नवऱ्याला सांगितलं म्हणजे तुला सांगितलं, असं कायदा धरत नाही. तुझ्या वतीने निरोप घ्यायला तू त्याला नेमलं होतंस का?"

नाही.

दुपारच्या बसने धारला आले.