दोन टॅग आणि साठ ऑर्डरी

१४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. शाळा पाचवीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे.
अनीसशी पैज लागली. सफाक्सहून फोनवर म्हणाला, आई, बाबा जाऊन तीन वर्षं झाली, नाबलचं घर बंद कर आणि आमच्याकडे ये. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. संत्र्याच्या फुलांचा अर्क काढायच्या माझ्या तांब्याच्या भट्ट्या काय त्याच्या सोफ्यावर ठेवू? म्हटलं, माझा फूलपाण्याचा धंदा आहे. म्हणाला, शेजारणींना बाटल्या वाटतेस, त्याला धंदा म्हणतात होय?
शेवटी ठरलं. कडू संत्र्याचा बहर संपेपर्यंत, म्हणजे एप्रिलअखेर, माझ्या वेबसाइटवर साठ ऑर्डरी आल्या तर मी इथेच. नाहीतर घराला कुलूप.
साठ! अर्ध्या महिन्यात करून दाखवते.

१५ मार्च
पोराचा माझ्या तोंडी आकड्यावर विश्वास नाही. म्हणे, तू बाबांना स्वतःचं वय सात वर्षं कमी सांगितलं होतंस. खोटं आहे. पाचच.
तर मोजायला टॅग बसवायचे. कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला हातेम आला. पन्नाशीचा आहे, मिशी रंगवतो. विचारलं, मिशीला कुठला टॅग लावलास रे? लाजला.
टॅग म्हणजे काय ते मला लगेच कळलं. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये बसवलेली शेजारीण. कोण आलं, काय बघितलं, घेतलं की नुसतं हुंगून गेलं, सगळं टिपते आणि आकडा थेट अनीसकडे पोचवते. आमच्या शेजारच्या शेदलियाला हेच काम फुकट जमतं.

२१ मार्च
सहा दिवसांत दोन ऑर्डरी. त्यातली एक माझीच, बटण चालतं का बघायला.
पार्सलं मात्र चार गेली. हातेम म्हणाला, मावशी, हल्ली बरेच फोन टॅगला आत बसूच देत नाहीत. तुझ्या दुकानाच्या बाजूनेही एक टॅग बसवू, सर्व्हरवर. तिथून तिला कोण हाकलणार?
म्हटलं, दे बसवून. एक सून अंगणात, एक स्वयंपाकघरात.

२३ मार्च
दुसरा टॅग बसला. हातेम म्हणाला, आता एकच ऑर्डर दोन्हीकडून कळणार, म्हणून प्रत्येक ऑर्डरला एक नंबर देऊ, दोघींनी तोच सांगायचा, म्हणजे मोजणारा एकदाच मोजेल. अर्ध्या तासाचं काम आहे.
म्हटलं, उद्या. आज दोन पोती फुलं आलीत, ठेवली तर काळी पडतात. फुलं थांबत नाहीत, नंबर थांबतो.

२६ मार्च
एका दिवसात चार ऑर्डरी! पार्सलं दोनच बांधली. बाकीच्या दोन वाटेत असतील.

२ एप्रिल
आकडा १६. पार्सलं ११. वाटेत बऱ्याच अडकल्यात.
हातेम पुन्हा नंबराचं घेऊन बसला. म्हणाला, मावशी, तुला दोन डोळे आहेत म्हणून दोन सूर्य दिसतात का? म्हटलं, मोतीबिंदू झाल्यापासून दिसतात. आणि त्याला फूलपाणी घातलेली कॉफी पाजून वाटेला लावलं.
उद्या नक्की करून घेणार.

९ एप्रिल
नाही जमलं. भट्टी सोडून हलता येत नाही.
शेदलिया दारात उभी राहून म्हणाली, मन्नूबिया, एवढा धंदा आणि कुरियरवाला आठवड्यातून दोनदाच? की बाटल्या उडत जातात? म्हटलं, तुझी जीभ कुरियरला लावली तर रोज जातील. हसली, पण नजर पार्सलांवरच होती. सहा होती. तिने मोजली.

१७ एप्रिल
४७. अनीस म्हणाला, आई, मला वाटलं नव्हतं. एवढ्या कौतुकाने तो शेवटचा कधी बोलला ते आठवेना. असं बोलणाऱ्या पोराला काय नंबराचं सांगत बसायचं?

२४ एप्रिल, दुपार
साठ!!
(पार्सलं ३३. त्यातली तीन मलाच. चव तपासायला.)
अनीसचा लगेच फोन. जिंकलीस आई! म्हटलं, मग, कुणाची आई आहे? तर म्हणाला, एवढं काम तू एकटी कशी रेटणार? मी तेलाच्या कारखान्यातून वर्षभराची बिनपगारी रजा घेतो. रिम पॅकिंग बघेल. आम्ही सगळे तुझ्याकडेच येतो.
रिम म्हणजे माझी सून. माझ्या चहातली साखर मोजते आणि रश्श्यात हरिसाचं तिखट घालू देत नाही.
खरं सांगितलं तर मी रिमच्या घरात. नाही सांगितलं तर रिम माझ्या घरात.

२५ एप्रिल
आज सांगणार होते. फोन जुळ्या नातवांनी उचलला. लेकरांसमोर कसं बोलायचं?

२७ एप्रिल
अनीसलाच गाठलं. म्हटलं, बाळा, रजेची घाई करू नकोस, धंद्याचं काय, आज आहे उद्या नाही. म्हणाला, आई, तू नेहमी दुसऱ्याचाच विचार करतेस.

२९ एप्रिल
स्वतःहून हातेमकडे गेले. म्हटलं, दे रे बाबा नंबर. त्याने आजवरच्या सगळ्या ऑर्डरींना दिले. साठाचे तेहतीस झाले. हातेमने पैसेही घेतले नाहीत. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
घरी येऊन तडक फोन लावला. रिमने उचलला. म्हणाली, अनीस रजेचा अर्ज द्यायला गेलाय, काही निरोप? आता बोल, आता बोल, असं मनात चाललं होतं. तोंडातून निघालं, मुलांचे स्वेटर आणा, समुद्राचा वारा गार असतो.

४ मे
एक तारखेला आले. ट्रक भरून. अनीस काल कॉम्प्युटर उघडून बसला. आई, तेहतीस कसे? सगळं सांगितलं, माझ्या तीन बाटल्यांसकट. त्याने कॉम्प्युटर मिटला. मग म्हणाला, म्हणजे तू हरलीस, सफाक्सला चल. रिम म्हणाली, कुठे? फ्लॅटमध्ये एक तारखेपासून दुसरे भाडेकरू आहेत.
म्हणजे घर सुटलं नाही. पैज मी एका परीने जिंकलेच.
माझी खोली त्या दोघांना, बाहेरची जुळ्यांना. माझी गादी दोन भट्ट्यांच्या मधे. पाय लांब केले की तांब्याला लागतात.
अनीस आज सकाळच्या गाडीने गेला, कारखान्यात रजा रद्द करा म्हणून हात जोडायला. रिमने बजावलंय, त्याचा फोन येईपर्यंत कुणाची थट्टा करायची नाही.
बसलेय गप्प. शेदलिया दोनदा विचारून गेली, मन्नूबिया आजारी आहे का.